हातोडा हवेत असताना

४ फेब्रुवारी

ताई,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. पत्राचं बरं असतं. मी माझं शेवटपर्यंत बोलणार आणि तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. जन्मात पहिल्यांदा ही संधी मिळतेय, सोडते होय?

तर तुझा कार्यक्रम. रेडिओवर माझ्याबद्दलचा तो अर्धा तास लागला आणि अख्खं शहर रडलं. अभिनंदन. टायर बदलायला आलेली माणसं माझ्या डोक्यावरून हात फिरवून जातात. मी खाली बसून चाकाचे नट काढत असते, आणि वरून हात येतो. परवा एक बाई पिशवी घेऊन आल्या. आत त्यांच्या मुलीचे जुने बूट. का, तर तू सांगितलंस, मी लहानपणी अनवाणी फेकायचे. अगं, बूट चावायचे म्हणून काढून ठेवायचे! बूट होते. तुझेच होते. ते बरं नाही सांगितलंस.

आणि इतक्या माणसांतल्या एकानेही मला विचारलं नाही की बाई गं, तू फेकतेस किती लांब? एकाने विचारलं ते असं, 'हातोडाफेक म्हणजे सुतारांची स्पर्धा का?' अर्ध्या तासात बाबांची नोकरी सुटली ते आलं, आईची शिलाई आली, माझं लग्न मोडलं ते तर दोनदा आलं. पण चार किलोचा लोखंडी गोळा, त्याला तार, तारेला मूठ, मूठ धरून चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडून द्यायचा, हे एक वाक्य तुला जड झालं.

बरं, तेही जाऊ दे. तू इथे आलीस, दोन दिवस मैदानावर माइक लावून बसलीस, माझ्या सगळ्या फेकी घेतल्यास. मग कार्यक्रमात त्या गेल्या कुठे? माझे बूट वर्तुळात घासतात तो आवाज नाही. मूठ सोडताना मी ओरडते, ते नाही. गोळा लांब जाऊन जमिनीत रुततो, तो धप्प आवाज नाही. त्या जागी काय, तर बासरी! मी काय ढगात तरंगत होते? माझी आरोळी तू भाजीतल्या खड्यासारखी निवडून टाकलीस. त्याचा राग आहे. बूट, लग्न, सगळं माफ. आरोळी माफ नाही.

आता कामाचं. एप्रिलमध्ये मोठी स्पर्धा आपल्याच मैदानावर आहे. पुरुषांची हातोडाफेक संध्याकाळी, दिव्यांत, मुख्य मैदानावर. बायकांची सकाळी सात वाजता, पार्किंगच्या मागच्या मैदानात. मी स्पर्धेच्या सचिवांकडे गेले. ते म्हणाले, 'तुमचा कार्यक्रम ऐकून आमच्या सौभाग्यवती ढसाढसा रडल्या हो!' मी म्हटलं, त्यांना घेऊन या की बघायला. तर म्हणाले, 'बघायला कोण येतंय? गेल्या वर्षी तुम्ही फेकत होतात आणि पायऱ्यांवर दोन कुत्री झोपली होती. खरं सांगू का, पुढच्या वर्षापासून बायकांचा हातोडा ठेवायचाच नाही असं चाललंय.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वाद नाही घातला. सौदा केला. मार्चमध्ये सरावाची स्पर्धा आहे, त्याच मागच्या मैदानात. तिथल्या पायऱ्या भरून दाखवल्या तर एप्रिलमध्ये संध्याकाळ आमची, आणि बंद करायची भाषाही बंद. सचिव हसले आणि म्हणाले, 'मंजूर.' एखाद्या लहान मुलाला चंद्र आणून देतो म्हणावं तसे हसले.

बाकी घरी ठीक. बाबांचा गुडघा तसाच. मैदान घराला इतकं जवळ की संध्याकाळी माझी आरोळी घरात ऐकू येते. शेजारचे काका रोज विचारतात, 'काय हो, कुणाला लागलं की काय?' आणि बाबा 'गॅरेजमध्ये काहीतरी असेल' म्हणत खिडकी लावून घेतात. आई सांगत होती.

तुझी,
चिमणी
(कार्यक्रमात हे नावही सांगितलंस. आता ऐंशी किलोच्या बाईला सगळं शहर चिमणी म्हणतं.)

१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. म्हणजे तुलाही लिहिता येतं तर!

तू लिहितेस, 'लोकांना आकडे कळत नाहीत, माणूस कळतो. डोळ्यांत पाणी आलं की दार उघडतं.' मान्य. दार उघडलं. पण सगळे उंबऱ्यातच उभे राहून रडतायत, आत कुणी येईना, त्याचं काय?

आणि बासरीबद्दल तुझं म्हणणं की गोळा हवेत असतो तेव्हा काहीच आवाज नसतो, आणि रेडिओवर तीन सेकंद आवाज गेला तर माणूस स्टेशन बदलतो, म्हणून तिथे काहीतरी भरावंच लागतं. ताई, अगं, तीच तर सगळ्यात भारी जागा! तेवढ्यात काय काय होतं ते तुला कुणी सांगितलंच नाही वाटतं. थांब, सांगेन. आरोळीबद्दल मात्र तू एक अक्षर लिहिलं नाहीस. ताकास तूर लागू द्यायची नाही ही तुझी जुनी खोड.

तुझ्या भरवशावर बसायचं नाही असं ठरवलं आणि स्वतःच सुरुवात केली. कुठे? दुकानात. ज्याच्या गाडीची चाकं निघालीयत तो माणूस पळून जाऊ शकत नाही. बाकावर बसतो, भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. याच्याइतका चांगला श्रोता तुला तुझ्या रेडिओवर मिळेल का?

पहिल्या दिवशी माझ्या घोड्याने पेंड खाल्ली. मी कोन सांगितला, वेग सांगितला, तारेची लांबी सांगितली. एक गृहस्थ घोरायला लागले. मालक म्हणाले, 'चिमणे, गिऱ्हाईक झोपवू नकोस, चाकं बसवून होतील आणि हे उठायचे नाहीत.'

मग एक शाळेतल्या बाई आल्या, करड्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी सरळ विचारलं, 'तू ओरडतेस का गं?' मी म्हटलं, बाई, गिरक्या घेताना श्वास आत कोंडलेला असतो. हात सोडतात, पाय सोडतात, तेव्हा तोही सुटतो. मी ओरडत नाही, तो निघतो. बाई म्हणाल्या, 'मग काढून दाखव.' दुकानाच्या मधोमध उभी राहिले आणि काढला. मालकांच्या हातातला पाना पडला. समोरच्या औषधाच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. मग सगळे असे हसले, असे हसले! आणि बाई म्हणाल्या, 'पुढे काय होतं?'

बस्स. 'पुढे काय होतं?' हेच तर हवं होतं मला.

मग मी माझं सांगणंच सोडलं. माझं रडगाणं तू गाऊन ठेवलंयसच. मी त्यांना जिराफाबद्दल सांगायला लागले. तुला आठवते ना, पलीकडच्या क्लबातली, माझ्याहून हातभर उंच? ती फेकण्याआधी मुठीशी काहीतरी पुटपुटते. मी तिला गेल्या तीन वर्षांत एकदाही हरवलेलं नाही. मग आमच्यातली सर्वांत वयाने मोठी, 'मावशी', जिला दोन मुलं झाली आणि जी दर वर्षी 'हे शेवटचं' म्हणून येते. आणि ती नवी पोरगी, जी किंग काँगसारखी फेकते पण दर वेळी वर्तुळाबाहेर पाय टाकते. आता दुकानात दोन पक्ष पडलेत. शाळेच्या बाई माझ्याकडून. मालक, मेला, जिराफाच्या बाजूने! म्हणतो, 'तू तर रोजचीच आहेस.' ज्यांच्या गाड्यांना काहीही झालेलं नाही अशी माणसं हवा तपासायला येतात आणि विचारतात, 'मग, जिराफ काय म्हणते?'

कळलं का ताई? रडणारा माणूस एकदा येतो. बाजू घेणारा पुन्हा पुन्हा येतो.

चिमणी

९ मार्च

ताई,

पायऱ्या भरल्या!

बायका, बाप्ये, औषधाच्या दुकानातला तो, शाळेच्या बाई आणि त्यांचा अख्खा वर्ग. मालकांनी दुकान बंद ठेवलं आणि दारावर 'चिमणी विरुद्ध जिराफ' अशी पाटी लावली. लोकांना वाटलं प्राणिसंग्रहालय आलंय. सचिव हात मागे बांधून उभे होते, चेहरा हिशेब चुकल्यासारखा. कुत्र्यांना जागा उरली नाही.

पण झालं काय ते ऐक. आमच्या दुकानवाल्यांना आरोळी इतकी आवडली की त्यांनी ठरवलं, सगळ्यांनी मिळून द्यायची. मला कुणी विचारलं नाही. जिराफ वर्तुळात आली, पुटपुटली, फिरायला लागली. एक गिरकी, दोन, तीन... आणि चौथीला, तिने सोडायच्या आधीच, सगळ्या पायऱ्या एकदम ओरडल्या! मालक सगळ्यात आधी. अगं, ती दचकली. गोळा थेट वर्तुळाभोवतीच्या जाळीत. ती स्वतः खाली बसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही एवढी वर्षं माणसं नसलेल्या मैदानात फेकतोय, पंचांच्या शिंकेखेरीज आवाजाची सवय नाही. आणि यांना कुणी बघायला शिकवलेलं नाही. मी शिकवलं ते अर्धंच. ओरडणं शिकवलं, गप्प बसणं राहूनच गेलं.

मी पंचांची परवानगी घेऊन पायऱ्यांसमोर गेले. म्हटलं, 'तुमचे उपकार आहेत, पण तोंडं आवरा. आधी बूट ऐका. चार वेळा घासतील. मग ती ओरडेल, ती एकटी. मग श्वास धरा. गोळा वर आहे, काहीच ऐकू येणार नाही. ही शांतता जितकी लांब, तितकी फेक लांब. धप्प ऐकू आलं की मग काय हवं ते करा, पायऱ्या तोडा.'

जिराफाची पुढची फेक त्यांनी अशी ऐकली, ताई, की मला माझ्या अंगावर काटा दिसत होता. बूट. आरोळी. मग काही नाही. तीनशे माणसं आणि काही नाही. सगळ्या माना एकदम वर, मग हळूहळू खाली. धप्प. आणि मग जो काय आवाज झाला! पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले.

जिराफ जिंकली. मी दुसरी. नंतर माफी मागायला गेले तर ती म्हणते, 'माझ्याबद्दल दुकानात काय काय सांगतेस म्हणे?' मी म्हटलं, चांगलंच सांगते. ती म्हणाली, 'चांगलं नको. खरं सांग. सांग की मी तुझ्यापेक्षा लांब फेकते.' मी म्हटलं, ते तर पहिल्यांदा सांगते. मग हसली. एवढ्या वर्षांत आम्ही पहिल्यांदा एकत्र चहा प्यालो.

सचिवांनी शब्द पाळला. एप्रिलची संध्याकाळ आमची. पण 'बंद करायची भाषा बंद' यावर आता म्हणतात, 'मुख्य मैदान भरलं पाहिजे हो. तिथे मागच्यासारख्या चार पायऱ्या नाहीत.' बोट दिलं तर हात मागायला लागले! तरी मी हो म्हटलं.

मुख्य मैदान दुकानाच्या बाकावरून भरत नाही. त्याला रेडिओ लागतो. म्हणून आता मागते. तू ये. थेट प्रक्षेपण कर. आधीचे पंधरा दिवस जिराफ, मावशी, ती नवी पोरगी, सगळ्यांचं रोज थोडं थोडं सांग. कोण कुणाला हरवायला निघालीय ते सांग. आणि त्या संध्याकाळी एक माइक वर्तुळाजवळ लाव, एक लांब, जिथे गोळा पडतो तिथे. मध्ये बोलायचं नाही. बासरी आणलीस तर मोडेन.

तुझा साहेब आवाज गेला म्हणून तुझ्या डोक्यावर बसेल, माहीत आहे. तरी मागते.

चिमणी

१३ मार्च

ताई,

आधीच्या पत्राला तुझं उत्तर यायच्या आधीच हे लिहितेय, कारण काल रात्री जेवताना एक गोष्ट झाली.

मी नेहमीसारखी तुझ्या नावाने बोटं मोडत होते. आरोळी कापली, आरोळी कापली. बाबा पानावरून मान वर न करता म्हणाले, 'तिच्यावर कशाला चिडतेस. मीच सांगितलं होतं तिला. मुलीचा तसला आवाज सगळ्यांनी ऐकायचा म्हणजे... मला नाही सोसवलं.'

आईने वाटी पुढे सरकवली. मी जेवले, पोटभर जेवले, उगाच नाटक नाही केलं. बाबांवर चिडताच येईना, एवढ्याशा आवाजात सांगितलं त्यांनी. मग तुझ्यावर चिडले, दुप्पट. अगं, महिनाभर मी तुला वाट्टेल ते बोलतेय आणि तू गप्प! एक शब्द नाही! 'बाबांनी सांगितलं' एवढं लिहायला काय झालं होतं? मी त्यांच्याशी भांडले असते म्हणून ना? हो, भांडले असते. तुला मी चांगली माहीत आहे.

मला रडू आलं, हे तुला सांगते. कार्यक्रमात घालू नकोस.

पण ऐक, मी आवाज कमी करणार नाही. बाबांसाठीसुद्धा नाही. आज सरावाला गेले आणि इतकी ओरडले की कोच म्हणाल्या, 'अगं, गोळा फेक, घसा नको.'

बासरी मात्र तुझीच अक्कल होती. त्यात बाबांना घ्यायचं नाही.

तुझीच,
चिमणी

२१ एप्रिल

ताई,

तू पहाटेच्या गाडीने गेलीस आणि मी दुपारपर्यंत झोपले. दंड असे दुखतायत की पेन डाव्या हातात घ्यावं म्हणते. पण तुला कळलेलं नाही असं एक आहे, ते लिहिल्याशिवाय चैन पडेना.

मैदान तू बघितलंसच. तुझ्या त्या पंधरा दिवसांच्या गोष्टींनी काय केलं ते मी तुला सांगायची गरज नाही. कधी न पाहिलेली माणसं जिराफाच्या नावाने पाट्या घेऊन आली होती, आणि मावशीच्या 'हे शेवटचं'वर सगळं मैदान 'नाही, नाही' करत होतं. नव्या पोरीचा पाय पहिल्यांदा आत राहिला तेव्हा पंचांनीही टाळी वाजवली, मी पाहिलं. पुरुषांचे हातोडेवाले आमच्यानंतर उतरले आणि तक्रार करत होते, 'आमच्या वेळी कुणी गप्प का बसत नाही?'

माझी ती पाचवी फेक. तू गाडीत बसताना सांगितलंस की गोळा हवेत असताना तुझा साहेब तुझ्या कानात किंचाळत होता, 'आवाज गेला, बोल काहीतरी, बोल!' आणि तू दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून बसली होतीस. मी वर्तुळातून तुला पाहिलं होतं. मला वाटलं, ही रडतेय की काय परत! तोंड दाबून बसणं तुला जन्मात जमलेलं नाही, ते माझ्यासाठी जमवलंस. माझी आजवरची सगळ्यात लांब फेक तीच. जिराफाने शेवटच्या फेकीत मला मागे टाकलं, टाकू दे. पुढच्या वर्षी बघते तिला. हो, पुढच्या वर्षी! सचिव आज स्वतः दुकानात आले होते, हवा भरायच्या निमित्ताने. म्हणाले, 'बायकांचा हातोडा शेवटी ठेवू या का? लोक तो झाल्यावर उठून जातात.' मालकांनी त्यांच्या हातात जिराफाची पाटी देऊन फोटो काढला.

आता घरचं. हे मला आईने आज सांगितलं.

गुडघ्यामुळे बाबा आले नाहीत असं ते म्हणाले होते. आपण दोघींनी मानलं. तर ते रेडिओ घेऊन खिडकीत बसले. खिडकी उघडी. शेजारचे काका आले, काकू आल्या, बरीच गर्दी झाली. रेडिओतून सगळं येत होतं आणि खिडकीतूनही, कारण मैदान असं कितीसं लांब. माझ्या पाचव्या फेकीला बूट घासले, चारही गिरक्या ऐकू आल्या. मग मी ओरडले. आई म्हणते, रेडिओतून एकदा आणि खिडकीतून एकदा, असं दोन्हीकडून आलं, पातेली हलली. काका दचकून म्हणाले, 'बाप रे! हे कोण ओरडलं?'

आणि मग शांतता. रेडिओत काही नाही, खिडकीत काही नाही. काका म्हणाले, 'अहो, बंद पडला वाटतं,' आणि रेडिओकडे हात नेला.

बाबांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, 'आमची धाकटी ओरडली. गप्प बसा जरा. गोळा अजून वर आहे.'

तुझी,
चिमणी